कार्बनचा माग: तेलविहिरीपासून दख्खनच्या बेसाल्टपर्यंत

पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. तेलाचे दिवस सरत आले असं सगळे म्हणत असताना पेट्रोलियम भूरसायनशास्त्र शिकण्यात काही अर्थ उरला आहे का? कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याच्या कामात भूरसायनवाल्यांना खरंच जागा आहे, की ते काम इंजिनिअर लोकांचंच? आणि आपल्या पायाखालचा दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, हा वायू कायमचा पोटात घेईल असं जे वाचायला मिळतं, ते कितपत खरं?

माझी बरीच वर्षं तेलविहिरींतून आलेला खडकाचा चुरा, तेल आणि पाणी तपासण्यात गेली. आता पुण्यात राहते आणि साठवणुकीच्या कामांत सल्ला देते. त्यामुळे तिन्ही प्रश्न मला जवळचे आहेत. आधी मत सांगते, मग कारणं. पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर स्वच्छ ‘हो’ असं आहे, कारण ही दोन कामं मुळात एकच आहेत. कार्बन कुठून आला, कोणत्या वाटेने गेला आणि वाटेत खडकाने त्याचं काय केलं, हे शोधायचं. तेलात आपण हा माग उलट्या दिशेने काढतो, साठवणुकीत सुलट्या. तिसऱ्याचं उत्तर ‘रसायनशास्त्र हो म्हणतं, पण तेवढ्याने भागत नाही’ असं आहे, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

तेलशोधातलं भूरसायनशास्त्र नेमकं काय करतं, ते मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रावरून बघू. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने तिथे तेल शोधलं, 1976 पासून उत्पादन सुरू झालं. तेल मिळतं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात. पण ते त्या चुनखडकात तयार झालेलं नाही. त्याचा उगम खालच्या, त्याहून जुन्या पॅलिओसीन ते आरंभीच्या इओसीन काळातल्या पन्ना थरांतल्या शेल आणि कोळशात आहे. तिथे ते शिजलं आणि वर सरकत आलं. हे कशावरून कळतं? तेलातल्या काही रेणूंचा सांगाडा ज्या जिवापासून तो रेणू आला त्याची ओळख टिकवून धरतो, म्हणून. 1930च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने खनिज तेलात पॉर्फिरिन दाखवून दिलं आणि त्याचं नातं हरितद्रव्याशी जोडलं. तिथून बायोमार्करचं, म्हणजे जिवाची ओळख टिकवणाऱ्या अशा रेणूंचं, शास्त्र सुरू झालं. ओलिॲनेन हा रेणू दिसला की सपुष्प वनस्पतींचा हातभार आणि फार तर क्रिटेशियसच्या उत्तरार्धाइतका, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाइतका, जुना उगम. बायकॅडिनेन दिसलं की साल कुळातल्या झाडांची राळ. गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट खाणीत याच कुळाच्या राळेचं अंबर सापडतं, आरंभीच्या इओसीनमधलं, आत अडकलेल्या कीटकांसकट. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाची खूण मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखात उमटते, याचं मला आजही तितकंच अप्रूप वाटतं.

पण रोजचं काम इतकं देखणं नसतं. खडक तापवून त्यातला तेलाचा अंश मोजणाऱ्या रॉक-इव्हल यंत्रात साधारण 60 ते 100 मिलिग्रॅम खडकाची पूड जाते. आधी ती 300 अंश सेल्सिअसला धरून ठेवतात. त्यात आधीच तयार असलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात, ते एस-1. मग मिनिटाला 25 अंशांनी तापमान वाढवत नेतात. केरोजेन, म्हणजे खडकातलं अजून तेल न झालेलं सेंद्रिय द्रव्य, फुटून जे बाहेर पडतं ते एस-2. एस-2 चं टोक ज्या तापमानाला येतं ते टी-मॅक्स. साधारण 435 अंशांच्या आसपास तेल तयार व्हायला लागतं, 470 च्या पुढे त्या खडकाकडून तेलाची आशा फारशी उरत नाही. पुस्तकात एवढंच असतं.

प्रत्यक्षात एखाद्या विहिरीत एस-1 अचानक उसळलेला दिसतो, टी-मॅक्स घसरून 420 वर येतो, आणि बैठकीत सगळे खूश होतात. अशा वेळी खाली मान घालून मड रिपोर्ट वाचायचा (मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखल). ड्रिलिंग करताना मडमध्ये डिझेल किंवा दुसरं तेल मिसळलं होतं का? गळती थांबवायला अक्रोडाची टरफलं टाकली होती का? ती टरफलंसुद्धा यंत्रात जळतात आणि उत्तम सेंद्रिय पदार्थ म्हणून नोंदली जातात! एस-2 च्या डाव्या खांद्याला फुगवटा असेल तर शंका पक्की समजायची. मग तोच नमुना डायक्लोरोमिथेनने धुऊन पुन्हा चालवायचा. आलेख सरळ झाला तर आधीचं ‘तेल’ आपणच खाली ओतलेलं होतं. ही सवय जिला लागली, ती साठवणुकीच्या कामात सोन्यासारखी उपयोगी पडते. तिथेही सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो, की मला दिसतंय ते खडकाचं आहे, आपण घातलेलं आहे, की आणखी कुठलं?

आता साठवणूक. कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 74 बार यांच्या वर गेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. द्रवासारखा दाट पण वायूसारखा वाहणारा होतो. जमिनीखाली ही स्थिती साधारण 800 मीटरच्या खाली मिळते, म्हणून हा आकडा सारखा ऐकू येतो. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नरला 1996 पासून वाळूच्या खडकात वर्षाला सुमारे दहा लाख टन या हिशेबाने तो सोडत आले आहेत. तिथे खाली गेल्यावर त्याला चार तऱ्हांनी अडवलं जातं: वरचं अभेद्य झाकण, खडकाच्या छिद्रांत अडकून पडलेले थेंब, पाण्यात विरघळणं आणि शेवटी खनिज बनून बसणं. पहिल्या दोन गोष्टी इंजिनिअर मोजतात. पुढच्या दोन आपल्या.

पाण्यात विरघळल्यावर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण टेक्सासमधल्या फ्रिओ प्रयोगाचं आहे. 2004 मध्ये दीड किलोमीटर खोलीवरच्या खाऱ्या पाण्याच्या वाळूखडकात फक्त 1600 टन वायू सोडला. जवळच्या निरीक्षण विहिरीत तो पोचल्यावर पाण्याचा पीएच 6.5 वरून 5.7 वर उतरला, बायकार्बोनेट लिटरला 100 मिलिग्रॅमवरून 3000 वर गेलं आणि लोह 30 वरून 1100 वर. पीएचमधला फरक बघितला तर क्षुल्लक वाटेल. लोहाचा आकडा बघा. आम्लाने लोहाचे ऑक्साइड विरघळवले, आणि अशा ऑक्साइडांना चिकटून बसलेले दुसरे जड धातूही त्यांच्याबरोबर सुटू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने हाच मुद्दा कळीचा. आणि हे आकडे विश्वासाचे आहेत, कारण त्यांनी नमुना खालच्या दाबातच कोंडून वर आणला. साधी बाटली भरली असती तर वर येताना वायू निसटला असता, पीएच वाढला असता, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीच्या तळाशी कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसला असता. मग मोजलं असतं ते बाटलीतलं रसायनशास्त्र.

खनिज बनण्याबद्दल मात्र जरा सावध राहा. नैसर्गिक कार्बन डायऑक्साइडच्या साठ्यांचा हेलियम, निऑन यांसारख्या निष्क्रिय वायूंच्या मदतीने अभ्यास झाला आहे, 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते असं: लाखो वर्षांत जो वायू साठ्यातून कमी झाला, तो मुख्यतः पाण्यात विरघळला, वाळूखडकांत खनिज म्हणून बसलेला वाटा जास्तीत जास्त 18 टक्के. म्हणजे साध्या वाळूखडकाकडून पटकन दगड होण्याची अपेक्षा धरू नये. चुनखडकात आणखी वेगळं: आम्ल आधी चुन्यालाच विरघळवतं, पाणी झटकन उदासीन होतं, आणि दाब कमी होणाऱ्या जागी तोच चुना पुन्हा बसतो. मुंबईच्या समुद्रातल्या जुन्या चुनखडकी क्षेत्रांचा विचार करताना हे आणि जुन्या विहिरींचं सिमेंट, या दोन गोष्टी मी सगळ्यात आधी तपासेन.

गळतीचा माग हा आपला खास प्रांत. कॅनडात सस्कॅचवानमध्ये वेबर्नच्या तेलक्षेत्रात 2000 पासून कार्बन डायऑक्साइड सोडतात. 2011 मध्ये तिथल्या एका शेतजमिनीतून तो बाहेर येतोय अशी तक्रार झाली. मातीतला कार्बन डायऑक्साइड जास्त होता हे खरं. तपास झाला तो निष्क्रिय वायू, समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) आणि मातीतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनच्या गुणोत्तरांवरून. निष्कर्ष निघाला की तो मातीच्याच श्वासोच्छ्वासाचा आहे. यातली ऑक्सिजनची युक्ती साधी आहे आणि फार कामाची आहे. मातीतले जिवाणू आणि मुळं जेवढा ऑक्सिजन घेतात, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बन डायऑक्साइड वाढला पण ऑक्सिजन त्या हिशेबात घटला नाही, तर तो पाहुणा बाहेरचा.

महाराष्ट्रात हा प्रश्न आला तर काय होईल, याचा मी नेहमी विचार करते. कार्बन-13 या कार्बनच्या जड समस्थानिकाचं प्रमाण ठरावीक मानकापेक्षा प्रति हजार किती कमी-जास्त आहे, असं मोजतात. पिकं हवेतला कार्बन दोन तऱ्हांनी घेतात, सी-3 आणि सी-4. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सी-4 पिकं. त्यांच्या सेंद्रिय द्रव्याचा आकडा उणे 10 ते उणे 14. गहू, हरभरा, भात ही सी-3. त्यांचा उणे 24 ते उणे 30. आणि कोळसा जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड? तोही साधारण उणे 25 च्या आसपास. आता समजा, एका शेतात वर्षानुवर्षं ऊस होता, मग पाणी कमी पडलं म्हणून शेतकऱ्याने हरभरा घेतला. मातीतल्या वायूचा आकडा आपोआप कोळशाच्या वायूकडे सरकणार. खाली कुठे साठवण विहीर असेल, तर कुणीही म्हणेल, बघा, गळतंय! एकट्या कार्बन-13 ने हा तिढा सुटत नाही. कार्बन-14 ने सुटतो, कारण कोळशाच्या कार्बनमध्ये तो शिल्लकच नसतो आणि हरभऱ्यात ताजा असतो. पण खरा आधार आधीच्या नोंदींचा. वायू सोडायच्या अगोदर, सगळ्या हंगामांत, पिकांच्या फेरपालटासकट घेतलेले नमुने हवेत. वायू सोडल्यानंतर ते नमुने कोणत्याही पैशात मिळत नाहीत. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री लागते ती मात्र यालाच, आणि त्यासाठी मी दरवेळी भांडते.

आता दख्खन. पुण्यात राहणाऱ्याला हा खडक दाखवायला लांब जावं लागत नाही; वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीची कड बघा. काळा, घट्ट, साधारण 10 टक्के कॅल्शियम ऑक्साइड, 5-6 टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड, भरपूर लोह. कागदावर हिशेब मोहात पाडतो. 56 ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधतो, म्हणजे 100 ग्रॅम खडकातलं नुसतं कॅल्शियम जवळजवळ 8 ग्रॅम वायू धरू शकतं. याला सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरने आणि जाडीने गुणलं की आकडा असा येतो, की भारताचा प्रश्नच मिटला. हा गुणाकार मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. आम्लयुक्त पाणी खडकाच्या आत शिरलं तरच अभिक्रिया होते. घट्ट बेसाल्टच्या गाभ्यात ते शिरत नाही. शिरतं ते लाव्हाच्या प्रत्येक प्रवाहाच्या वरच्या पोकळीदार भागात आणि भेगांत.

आणि त्या पोकळ्या रिकाम्या कुठे आहेत? पुण्याजवळ वाघोलीच्या खाणी जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहेत, कॅव्हनसाइट या निळ्या खनिजामुळे. तिथली एखादी फुटलेली पोकळी हातात घेऊन भिंगातून बघा. कडेला हिरवट मातकट अस्तर असतं. त्यावर स्टिलबाइटच्या मोतिया रंगाच्या जुड्या किंवा हेउलँडाइटच्या चकाकत्या वड्या. कुठे त्यांच्यावर बसलेला कॅल्साइटचा टोकदार स्फटिक. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: कॅल्साइट फसफसेल, स्टिलबाइट ढिम्म राहील. दोघांतही कॅल्शियम आहे, पण एकानेच कार्बन धरलाय. बेसाल्टमध्ये कार्बन साठवण्याची सगळी गोष्ट या एका थेंबात आहे. खडकातून सुटलेलं कॅल्शियम कार्बोनेटच्या वाट्याला जाणार की झिओलाइट (स्टिलबाइट त्यातलाच) आणि चिकणमातीच्या, हे तापमान, पीएच आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर ठरतं. शिवाय 6 कोटी 60 लाख वर्षांत या खनिजांनी कित्येक पोकळ्या आधीच बुजवल्या आहेत आणि पटकन विरघळणारी ज्वालामुखी काच बरीचशी बदलून गेली आहे. आइसलँडचा खडक या मानाने ताजा आहे.

आइसलँडचं उदाहरण सगळे देतात, आणि ते आहेच तसं. हेल्लिशेइदीला कार्बफिक्स प्रकल्पाने 2012 मध्ये सुमारे 230 टन वायू पाण्यात विरघळवून 400 ते 800 मीटर खोलीवरच्या बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त खनिज झाला. हे कळलं ते भूरसायनामुळेच: सोडतानाच वायूला कार्बन-14 ची आणि पाण्याला सल्फर हेक्झाफ्लोराइडसारख्या मागकांची खूण केली होती. मागक निरीक्षण विहिरीत पोचले, पण कार्बन त्या हिशेबात पोचला नाही; म्हणजे वाटेतच बसला.

पण एक टन वायू विरघळवायला साधारण 25 टन पाणी लागतं. कोळशावरचा 500 मेगावॉटचा एक संच जोरात चालला तर वर्षाला सुमारे 30 लाख टन वायू सोडतो. पाण्याचा हिशेब येतो साडेसात कोटी घनमीटर, म्हणजे अडीच टीएमसीच्या वर. खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आसपास आहे, एवढं पुणेकराला सांगितलं की पुरे. पाणी त्याच थरातून उपसून पुन्हा फिरवता येतं, समुद्राचं वापरण्यावरही काम चालू आहे. पण आपल्या बेसाल्टचे पाणीदार थर इतकं सतत देतील का, हा प्रश्न बोअरवेल आटताना पाहिलेल्या माणसाला समजवावा लागत नाही.

पाण्याशिवायचा मार्ग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वॉलुलाला तपासला. 2013 मध्ये 977 टन दाट कार्बन डायऑक्साइड कोलंबिया नदीच्या बेसाल्टमध्ये, 800 ते 900 मीटरच्या दरम्यान, प्रवाहांच्या पोकळीदार माथ्यांत सोडला. वरचे घट्ट थर झाकण म्हणून. दोन वर्षांनी काढलेल्या कोअरमध्ये, म्हणजे खडकाच्या दंडगोल नमुन्यात, अँकेराइटच्या गाठी मिळाल्या, म्हणजे कॅल्शियम-लोह-मॅग्नेशियमचं कार्बोनेट. कोलंबियाचा बेसाल्ट आपल्यासारखा आहे, त्यामुळे माझ्या मते आपल्यासाठी हा प्रयोग आइसलँडपेक्षा जास्त बोलका. फक्त त्याला 800 मीटर बेसाल्ट हवा. किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर जे भोक पाडलं, त्यात बेसाल्ट 338 मीटरवर संपला. खाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटी पाया. जाडी मिळते ती पश्चिमेला. कोयना परिसरात रसातीच्या भोकात ती सुमारे 930 मीटर भरली. आणि कोयना म्हणजे 11 डिसेंबर 1967 चा 6.3 तीव्रतेचा भूकंप, आणि जलाशय भरल्यापासून आजतागायत चालू असलेले धक्के. जिथे पाण्याच्या दाबाने भ्रंश हलतात अशी शंका नव्हे, अभ्यासाचा मोठा इतिहास आहे, तिथे दाबाने काही सोडायचं म्हणजे फार विचार करावा लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं. दख्खनवर संशोधन जोरात व्हावं, काही शे टनांचा, खुणा केलेल्या वायूचा, भ्रंशांपासून लांब असा एक प्रामाणिक प्रयोग व्हावा. तोपर्यंत क्षमतेचे मोठाले आकडे छापू नयेत. मोठी साठवणूक आधी होईल ती गाळाच्या खोऱ्यांत, म्हणजे गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यात आणि समुद्रात, जिथे तेलाने आपल्याला खडक, पाणी आणि झाकण यांची पन्नास वर्षांची माहिती आयती दिली आहे. गुजरातेतल्याच कोयाली रिफायनरीचा वायू गांधार तेलक्षेत्रात सोडून तेल काढायचा करार ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने 2019 मध्ये केला, तो याच वाटेवरचा. तिथे पेट्रोलियम भूरसायन शिकलेली माणसंच लागणार.

शिकायचं काय? बायोमार्कर आणि रॉक-इव्हल सोडू नका, पण त्याच्या जोडीला पाण्याचं रसायनशास्त्र पक्कं करा. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात तेच पातळ असतं. फ्रीक्यूसी (PHREEQC) हे पाणी-खडकाच्या अभिक्रियांचं गणित करणारं अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते हात बसेपर्यंत चालवा. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघा, कारण मॉडेल जे खनिज बसेल म्हणतं ते प्रत्यक्षात बसलं का, हे तिथेच दिसतं.

प्रबंधासाठी विषय विचारलात, तर हवेली किंवा दौंड भागात उसाची आणि हरभऱ्याची शेजारशेजारची दोन शेतं आणि जवळची एक बोअरवेल घ्या. शेतकऱ्याला नीट समजावून परवानगी घ्या. मे महिन्यात, पावसाळ्यात आणि पिकाच्या भरात मातीतला वायू एक मीटरवरून काढा. कार्बन डायऑक्साइडबरोबर ऑक्सिजन आणि नायट्रोजन मोजलेच पाहिजेत. बोअर थोडा वेळ चालू ठेवून तापमान आणि वाहकता स्थिर झाल्यावरच बाटली भरा, तोंडापर्यंत, हवेचा बुडबुडा न ठेवता. पीएच आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) जागेवरच, बांधावर बसून मोजा, घरी आणून नाही. कॅटायनची (धन आयनांची) बाटली गाळून नायट्रिक आम्ल घातलेली वेगळी, ॲनायनची (ऋण आयनांची) बिनआम्लाची वेगळी, आणि दोन्हींवर तारीख, वेळ, शेतातलं पीक आणि शेवटचं पाणी कधी दिलं ते लिहा.